डावा गाल

त्या दिवशी आईने दुकानातलं सगळं काम संपवत आणलं, आणि ते पाहून तिच्या लेकीचं, वाळवीचं, पुस्तकात लक्ष लागेना.

आई कधी सगळं काम संपवत नसे. कपडे दुरुस्त करायचं तिचं दुकान. एका बाजूला न्हावी, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, मधे ती. तिची एक रीत होती. संध्याकाळी शटर ओढण्याआधी मशीनच्या सुईखाली एखादी शिवण अर्धी सोडून द्यायची. सकाळी येऊन बसलं की हात आपोआप चालू लागतात, आता काय करू म्हणत डोकं खाजवावं लागत नाही. त्या दिवशी मात्र पडद्यांच्या कडा दुमडून झाल्या, कुणाच्या पँटी आखूड करून झाल्या, एका जाकिटाची चेन बदलून झाली, आणि राहिला तो निवृत्त पोस्टमनचा करडा कोट. त्याच्या बाह्याही बसवून झाल्या होत्या. आई आता बटणं लावत होती. दुसऱ्या दिवशी तिला इस्पितळात दाखल व्हायचं होतं.

वाळवी हे लेकीचं नाव आईनेच ठेवलेलं. लहानपणापासून पुस्तकं खाते म्हणून. आता तिच्या केसांत पांढरी बट आली होती, सरकारी ग्रंथालयात ती नोकरी करत होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. ग्रंथालय सुटलं की ती थेट दुकानात येई आणि गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसे, कारण गिऱ्हाइकांशी बोलायला कुणीतरी हवं होतं. आई बोलू शकत नसे.

बोलू शकत नसे म्हणजे आवाज गेला होता असं नाही. आवाज शाबूत होता. दुखणं होतं ते डाव्या गालात. चेहऱ्याची नस मेंदूतून जिथून निघते तिथेच एक रक्तवाहिनी तिला टेकून बसली होती, आणि ठोक्यागणिक नसेला घासत होती. मग कशाचंही निमित्त पुरे व्हायचं. पंख्याचा वारा, पाण्याचा घोट, दातांवरून फिरलेला ब्रश. विजेची तार गालात खुपसल्यासारखी कळ जायची, आणि आई जिथे असेल तिथे हाताला येईल ती कड धरून, डोळे मिटून, श्वास रोखून उभी राहायची. सगळ्यात वाईट होतं बोलणं. एखादं वाक्य नीट पार पडायचं, आणि पुढच्या वाक्यातला पहिलाच शब्द ओठांवर येतायेता सणक भरायची.

आणि ही ती बाई, जिला गल्लीत सगळे रेडिओ म्हणत. तोंडात टाचण्या धरूनसुद्धा बोलायची. वाळवी शाळेत असताना पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायची, "आई, एक पान तरी पुरं होऊ दे ना गं." आई म्हणायची, "तू वाच की. मी काय तुझ्या डोळ्यांशी बोलतेय?"

आता आईचं बोलणं मधल्या बोटातल्या अंगुस्तानात येऊन राहिलं होतं. सुई ढकलायला घालतात ती पत्र्याची टोपी. टेबलावर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. अंगुस्तान लाकडावरून करकर घासत नेलं की, या माणसाला आधी बाहेर काढ. बाकीचं वाळवी तिच्या चेहऱ्यावरून वाचायची. उजव्या अर्ध्या चेहऱ्यावरून. डावा अर्धा आई हलवतच नसे.

"आई, एवढं सगळं का संपवतेयस?" वाळवीने शेवटी विचारलं.

आईने खांदे उडवले.

"काहीतरी ठेव की. आल्यावर करायला."

आईने मान वर करून लेकीकडे पाहिलं. मग कात्री उचलली, कोटाला आत्ताच लावलेलं सगळ्यात खालचं बटण कचकन कापून काढलं, आणि वाळवीच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटवली. उजवी भुवई वर गेली. झालं समाधान?

मग टेबलावर एक टिचकी.

तेवढ्यात मामा आला. मामा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा, आणि इतक्या वर्षांच्या गोंगाटामुळे घरातही व्हॅनमधल्यासारखा ओरडून बोलायचा.

"ताई! गाडी आतून धुतलीय तुझ्यासाठी. कार्ट्यांनी सीटखाली चिकटवलेलं च्युइंगम खरवडून काढलं. राजवाडा झालाय नुसता!"

"मामा, दार," वाळवी म्हणाली. वारा येत होता.

"हो हो." त्याने दार लावलं. "काय म्हणतेय आमची ताई?"

आईने काहीच केलं नव्हतं. वाळवी म्हणाली, "विचारतेय, जेवलास का."

"हे कधी विचारलं? मी तर टकटक ऐकली नाही."

"तोंडावरून कळतं."

"मला नाही कळत. मला तर ही लहानपणी माझा पतंग फाडला तेव्हा दिसायची तशीच दिसते." आईने अंगुस्तान टेबलावरून करकर घासत नेलं. मामा खूश झाला. "हे कळलं! हे मात्र कळलं! बरं का ताई, बोलायला लागलीस की आधी मला कानटोपी शिवून दे. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम अंगावर येणार आहे माझ्या."

आईच्या ओठांची उजवी कड हलली. हसणंसुद्धा तिला तेवढंच परवडायचं.

वाळवी हसली नाही. आदल्या महिनाभरात तिने या ऑपरेशनबद्दल ग्रंथालयात जे मिळालं ते सगळं वाचून काढलं होतं, आणि वाचलेलं विसरता येत नाही ही तिची जुनी अडचण. कानामागे कवटीला छोटी खिडकी पाडायची. मेंदू हलकेच बाजूला सारायचा. रक्तवाहिनी नसेपासून सोडवायची आणि दोघींच्या मधे कापसासारख्या धाग्यांचा बोळा ठेवायचा. वाचताना प्रत्येक 'हलकेच'पाशी तिचा श्वास अडकायचा.

त्याआधीचे सगळे उपाय करून झाले होते. दातांच्या डॉक्टरने दोन धडधाकट दाढा काढल्या. दाढा गेल्या, कळ जागची हलली नाही. गोळ्यांनी दुखणं कमी झालं तेव्हा आईलाच झापड यायची, रस्ता ओलांडताना तोल जायचा, आणि टाके वाकडे पडायला लागले. वाकडा टाका दिसला की ती उसवून पुन्हा घालायची, पुन्हा वाकडा, पुन्हा उसवायची. मग एका डॉक्टरने गालातून सुई घालून नस भाजली. त्याने एक अख्खा हिवाळा सुखात गेला. आई बोलली, खळखळून हसली, गालावर हात ठेवून झोपली. दुखणं गेलं, कायमचं गेलं, असं सगळ्या गल्लीला सांगत सुटली.

ते परत आलं तेव्हा वाळवी समोरच बसली होती, हातात पुस्तक होतं. कात्रीला धार लावतालावता आई म्हणाली, "ऐक ना, काल त्या न्हाव्याच्या बायकोने—" आणि तिथेच थांबली. कात्री खाली ठेवली. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. वाळवीने वर पाहिलं आणि तिला सगळं समजलं. त्या वेळी ती जे म्हणाली तेच पुढे रोज म्हणत राहिली: "बोलू नकोस, आई. बोलू नकोस."

न्हाव्याच्या बायकोने काय केलं ते राहूनच गेलं.

त्यानंतर वाळवी आणि मामा आईला घेऊन या ऑपरेशनच्या सर्जनबाईंकडे आले. बारीक अंगाच्या, आखूड केसांच्या, घाई नसल्यासारख्या बोलणाऱ्या. मामाने विचारलं, "दुखणं कायमचं जाईल ना, बाई?"

"कायमचं हा शब्द मी वापरत नाही," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना पुढे वर्षानुवर्षं त्रास होत नाही. काहींचं दुखणं परत येतं. आणि क्वचित काहीतरी मोठं बिघडतं. क्वचितच. पण ज्याच्या वाट्याला येतं त्याला ते क्वचित वाटत नाही, म्हणून आधीच सांगते."

वाळवीला त्या आवडल्या आणि त्यांची भीतीही वाटली. आई मात्र त्यांनी कागदावर काढलेल्या चित्राकडे पाहत होती. नस, रक्तवाहिनी, मधे बोळा. अचानक ती बोलली. "म्हणजे अस्तर."

"काय म्हणालात?"

पण आईच्या गालात कळ गेली होती. टेबलाची कड धरून ती थिजली होती, आणि सर्जनबाई हातातलं पेन न हलवता बघत राहिल्या. वाळवीने सांगितलं, "कोटाचं कापड टोचू नये म्हणून आतून अस्तर लावतात. तसं, म्हणतेय."

"अगदी तसंच," बाई हळू म्हणाल्या. एका शब्दाची किंमत त्यांनी पाहिली होती. मग ऑपरेशन करायचं की नाही हे कुणी विचारलंच नाही. आईने टेबलावर बोट आपटलं. एकदा.

आणि वाळवीच्या ओठांवर आलेलं 'थांबू या का अजून थोडं' ओठांवरच राहिलं. कुठल्या तोंडाने म्हणणार? दुखत तिला होतं.

*

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर वाळवीने पुस्तक उघडलं आणि एकच ओळ वाचत बसली. मामा येरझाऱ्या घालत होता. आत जाताना नर्सने आईच्या बोटातलं अंगुस्तान काढून वाळवीच्या हातात दिलं होतं. ते आणि कोटाचं बटण तिच्या पर्सच्या एकाच कप्प्यात होती, आणि दर थोड्या वेळाने ती कप्पा चाचपून पाहत होती. दोन्ही जागेवर आहेत तोवर सगळं जागेवर आहे, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं. असल्या गोष्टींना ती एरवी हसायची.

दार उघडलं की ती उठून उभी राहायची. कुणीतरी बादली घेऊन बाहेर यायचं.

"पुस्तक उलटं धरलंयस," मामा म्हणाला.

तिने घाबरून पाहिलं. सुलटंच होतं.

"हसली नाहीस, पण निदान खाली तरी बघितलंस," मामा म्हणाला आणि तिच्याशेजारी धपकन बसला.

शेवटी सर्जनबाई आल्या. टोपीची खूण कपाळावर उमटली होती. "छान झालं," त्या म्हणाल्या. "रक्तवाहिनी चांगलीच रुतून बसली होती. नस मोकळी केली." मामा तिथेच रडायला लागला, मोठ्याने, व्हॅनमधल्यासारखा. वाळवीने त्यांना उरलेलं सगळं विचारून घेतलं: ताप आला तर, उलटी झाली तर, मान आखडली तर. बाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. तरी तिचा जीव भांड्यात पडला नाही. अजून आईने तोंड उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला वॉर्डात आणलं. डोक्याला पट्टी, चेहरा सुजलेला, पण डोळे तरतरीत. खिडकीची बोटभर फट उघडी होती आणि वारा थेट डाव्या गालावर येत होता. वाळवी धावली आणि तिने खिडकी लावली. मग पर्समधून अंगुस्तान काढून आईच्या बोटात चढवलं आणि पलंगाच्या दांडीवर तिचा हात ठेवला.

"दुखतंय का? टिचकी मार."

आईने बोटातल्या अंगुस्तानाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"नाही," ती म्हणाली. तोंडाने. दोन्ही ओठांनी.

वाळवी पलंगावर वाकली. "हळू! हळू, आई. जपून."

"अगं, नाही दुखत." आईने स्वतःच्या डाव्या गालावर तळहात टेकवला. आधी भीतभीत, मग पुरता दाबून. "बघ. नाहीच दुखत." तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, त्याच गालावरून, आणि कुठेही कळ आली नाही. "ऐक ना, ती न्हाव्याची बायको—"

"बोलू नकोस, आई," वाळवी म्हणाली.

तिने ते विचार करून म्हटलंच नाही. कळ यायच्या आधी तिला ती दिसायची, इतक्या वर्षांची नजर होती. आणि आताही तिला ती दिसली, तेच वाक्य, तोच शब्द, आता येणार, आता टेबलाची कड. तिने आईचा हात घट्ट धरला. "आत्ता नको. ताजं आहे सगळं. पडून राहा. बोलायला काय, घरी गेल्यावर बोल पाहिजे तितकं. मी कुठे पळून चाललेय?"

आईच्या तोंडावर हसू पसरलं, पूर्ण, डावीकडेही. त्या डावीकडच्या हसण्याची वाळवीला सवयच राहिली नव्हती. कुणा दुसऱ्याच बाईचं हसू वाटलं तिला. मग लेकीचं मन राखायला म्हणून आईने दांडीवर अंगुस्तान वाजवलं. एकदा.

निघताना वाळवीने नर्सला बजावलं, "त्यांना बोलायला लावू नका हं. त्रास होतो त्यांना."

सकाळी ती धुतलेले कपडे आणि कंगवा घेऊन निघत होती तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. ती पोहोचली तेव्हा पलंगाभोवती पडदे ओढलेले होते.

सर्जनबाईंनी तिला बसवून सगळं सांगितलं. जिथे काम केलं होतं त्याच्या जवळच आत रक्तस्राव झाला, अचानक झाला, धावपळ केली, पण आईला वाचवता आलं नाही. त्यांनी कुठलाही शब्द मऊ करून सांगितला नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "नस मोकळीच होती. तेवढं तरी तुम्हाला माहीत असावं." वाळवीने मान हलवली. तिला वाटलं आपण काहीतरी विचारायला हवं. तिने विचारलं, "कंगवा कुठे ठेवू?"

*

आईचं सामान घ्यायला ती आणि मामा पुन्हा गेले तेव्हा ती नर्स भेटली. गोल चेहऱ्याची, तरुण. तिने पिशवी दिली, आणि जायला वळतावळता थांबली.

"तुम्ही सांगितलं होतं बोलू देऊ नका म्हणून. मी म्हटलं त्यांना, दोनदा म्हटलं. पण ऐकतील तर शपथ! संध्याकाळभर बोलत होत्या हो. मला म्हणाल्या, तुझ्या या बाहीचा मुंढा कुणी कापलाय, हात वर केलास की अख्खा झगा वर जातो. शेजारच्या आजींना त्यांच्या सुनेबद्दल सल्ला दिला. आजी म्हणाल्या, बाई, मला झोपू दे आता. इतक्या हसल्या मग." तिने वाळवीकडे पाहिलं आणि गोंधळली. "चुकलं का माझं?"

"नाही," वाळवी म्हणाली. "नाही, चुकलं नाही. न्हाव्याच्या बायकोचं काही सांगितलं का त्यांनी?"

"न्हाव्याच्या?" नर्सने आठवून पाहिलं. "नाही बाई."

मामा पिशवी छातीशी धरून उभा होता. "संध्याकाळभर," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "म्हणजे बोलली ताई."

न्हाव्याची बायको भेटायला आली तेव्हा वाळवीने तिलाच विचारलं. ती डोळे पुसत म्हणाली, "मी? कधी गं? तेव्हाचं आता मला काय आठवणार? पडले असेन कुठेतरी, नाहीतर भांडले असेन. तुझ्या आईला माझं काहीही हसायला पुरायचं." आणि ती पुन्हा रडायला लागली.

पुढे पोस्टमनकाका कोटासाठी आले. त्यांनी फार उशीर करून, फार संकोचून शटरवर थाप मारली होती. जुन्या सोबत्यांचा मेळावा होता म्हणे, नाहीतर आलो नसतो. वाळवीने कोट खुंटीवरून काढून त्यांना घालायला दिला. त्यांनी वरून खाली बटणं लावत आणली आणि शेवटी बोटं रिकाम्या जागेवर थांबली.

"एक राहिलंय वाटतं," ते म्हणाले. "असू दे गं. कोण बघतंय खालचं?"

"थांबा, काका. लावते."

"येतं तुला?"

"पुस्तकात वाचलंय," वाळवी म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की हा आईच्या तोंडी शोभणारा टोमणा होता.

तिने पर्सच्या कप्प्यातून बटण काढलं आणि अंगुस्तानही काढलं. ते तिच्या बोटाला सैल होत होतं. बाहेर मामा किल्लीवाल्याशी व्हॅन कुठे लावायची यावरून हुज्जत घालत होता. करड्या दोऱ्याचं रीळ मशीनवर तसंच होतं. ती आईच्या खुर्चीवर बसली, सुई ओवायला तिला बराच वेळ लागला, आणि बटण बसलं ते वरच्या बटणांहून किंचित तिरकं बसलं. पोस्टमनकाकांनी कोट घालून आरशात पाहिलं. आईने बसवलेल्या बाह्या मनगटावर बरोबर येऊन थांबल्या होत्या.

"सरळ आहे ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," वाळवी म्हणाली. "पण घट्ट आहे."

ते गेले. दुकानात अर्धं असं आता काहीच उरलं नव्हतं. वाळवी खुर्चीवरून उठली नाही. सवयीने तिने अंगुस्तान टेबलावर वाजवलं, एकदा, आणि समोरच्या स्टुलाकडे पाहिलं. इतकी वर्षं तिथे बसायची ती स्वतः, म्हणून स्टूल रिकामं असणं साहजिकच होतं. तरी तिला ते पाहवेना.

तिने अंगुस्तान बोटातून काढून टेबलावर ठेवलं. दार उघडं होतं, वारा आत येत होता, आणि त्यासाठी उठायची आता गरज नव्हती.

"बोल ना, आई," ती मोठ्याने म्हणाली. "मी पुस्तक मिटलंय. त्या न्हाव्याच्या बायकोने काय केलं?"